बांधावरचा सल्लागार : कृषिविस्ताराच्या शंभर वर्षांचा मागोवा

शेतीविषयी सल्ला देणारा मनुष्य आपल्या समाजाला नवा नाही. मृगाचा पहिला पाऊस पडल्यावर पेरणी लगेच करावी की चार दिवस वाट पाहावी, कोणत्या जमिनीत कोणते बियाणे टाकावे, विकत घ्यावयाचा बैल कसा पारखावा, हे सांगणारा एखादा जाणता प्रत्येक गावात असे. त्याच्या शब्दाला वजन येई ते विद्वत्तेमुळे नव्हे. त्याचे स्वतःचे शेत सर्वांच्या नजरेसमोर असे, आणि त्यातील उभे पीक हीच त्याची सनद असे. सरकारने पगार देऊन असा सल्लागार गावोगाव पाठवावा, ही कल्पना मात्र अलीकडची. तिलाच आज कृषिविस्तार असे नाव आहे.

या विस्ताराचा इतिहास बहुधा खात्यांचा, योजनांचा आणि खर्चाच्या आकड्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. आम्हांस तो एका साध्या प्रश्नाच्या अनुरोधाने पाहावासा वाटतो. त्या त्या काळी शेतकऱ्याला सल्ला देणारा कोण होता, आणि शेतकऱ्याने त्याचे का ऐकावे? बेळगाव, इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, हैदराबाद, गोवे ही आपल्या भाषाबंधूंच्या वस्तीची जुनी ठिकाणे. या इतिहासातील काही महत्त्वाची पाने तेथेच लिहिली गेली आहेत, आणि ती आपणांस फारशी ठाऊक नाहीत. म्हणून हा लेखनप्रपंच.

महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. त्यात शेतकऱ्याच्या दैन्याचे वर्णन आहे हे सर्वश्रुत आहे. परंतु पाणी व माती अडविण्यासाठी बांध घालावेत, शेतकीची प्रदर्शने भरवावीत, चांगले पीक काढणाऱ्यांस बक्षिसे द्यावीत, शेतकऱ्यांच्या मुलांना शेतकीचे शिक्षण द्यावे, अशा सूचनाही त्यात आहेत, इकडे लक्ष थोड्यांचे जाते. विस्ताराचा पुढील कार्यक्रम त्या सूचनांत बीजरूपाने दिसतो. या ग्रंथातील काही भाग फुल्यांनी बडोद्यास सयाजीराव महाराज गायकवाडांना वाचून दाखविला होता. बडोद्याचे नाव या कथेत पुन्हा येणार आहे.

मुंबई इलाख्यात शेतकी खाते उभे राहिले, पुण्यास शेतकी महाविद्यालय चालू झाले. तथापि खात्याचा अधिकारी आणि बांधावरचा कुणबी यांच्यामधील अंतर कमी होईना. अधिकारी फिरतीवर येई, प्रयोग दाखवी आणि निघून जाई. ही अडचण ओळखून १९२२ च्या सुमारास तालुका विकास संघांची योजना निघाली. एका तालुक्यातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन वर्गणी जमवावी. तेवढीच रक्कम, वर्षाला १००० रुपयांच्या मर्यादेत, सरकारने घालावी. त्या पैशातून एक कामदार ठेवून सुधारलेले बियाणे, नांगर आणि खते यांचा प्रसार करावा, अशी ही व्यवस्था होती. बेळगाव आणि धारवाड हे जिल्हे तेव्हा याच इलाख्यात मोडत. संघाचा कारभार पाहणारे शेतकरी पगारी नव्हते. कामदार पगारी होता, पण त्याने कोठे जावे आणि काय दाखवावे हे वर्गणी देणारे ठरवीत. १९२८ मध्ये शेतकीविषयक शाही आयोगाचा जो अहवाल प्रसिद्ध झाला त्यात या संघांची दखल घेतली गेली. शेतकऱ्याने स्वतःच्या गाठीचा पैसा घातला की तो सल्लागाराकडून कामाचा हिशेब मागतो, ही गोष्ट या लहानशा योजनेने दाखवून दिली.

इलाख्यात ही खटपट चालू असताना होळकरांच्या इंदुरात एक निराळाच प्रयोग आकार घेत होता. १९२४ मध्ये तेथे वनस्पतिउद्योग संस्था स्थापन झाली. जमीन होळकर संस्थानाने दिली. खर्चाचा भार भारतीय मध्यवर्ती कापूस समिती आणि मध्य भारतातील संस्थाने यांनी उचलला. संस्थेचे संचालक आल्बर्ट हॉवर्ड हे केंब्रिजमध्ये शिकलेले शास्त्रज्ञ. परंतु हिंदुस्थानातील शेतकरी आणि पिकांवर पडणारी कीड हेच आपले गुरू, असे ते सांगत. काडीकचरा, पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर उथळ खड्ड्यात रचावयाचे, पाणी शिंपडावयाचे, सुमारे १६ दिवसांनी, मग एका महिन्याने आणि दोन महिन्यांनी ते उलथावयाचे, म्हणजे तीन महिन्यांत उत्तम खत तयार होते. ही ‘इंदूर पद्धत’ १९३१ मध्ये हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी ग्रंथरूपाने जगापुढे मांडली. १९३५ मध्ये गांधीजींच्या ‘हरिजन’ पत्रानेही तिची माहिती दिली. इंदूरचे नाव अशा रीतीने परदेशांतील शेतमळ्यांपर्यंत पोहोचले.

मात्र आपल्याकडील खेड्यांत तिचा प्रसार तितका का झाला नाही, याचा विचार केला पाहिजे. खड्डा तीनदा उलथण्यास मजूर लागतात. उन्हाळ्यात पाणी लागते. आणि शेणाच्या गोवऱ्या थापल्या नाहीत तर चूल कशाने पेटवावी, हा घरधनिणीचा प्रश्न उरतोच. शास्त्र निर्दोष असूनही ते घराच्या हिशेबात बसले पाहिजे. पुढे १९३९ मध्ये डॉ. आचार्य यांनी उलथापालथीचे कष्ट वाचविणारी ‘बंगळूर पद्धत’ काढली, तीही याच अडचणीतून. काय सांगावे हे इंदूरने दाखविले. पण कोणी सांगावे आणि कोणाच्या घरची स्थिती पाहून सांगावे, हा प्रश्न शिल्लक राहिला.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा यत्न बडोदे संस्थानात झाला. सर व्ही. टी. कृष्णम्माचारी हे १९२७ पासून १९४४ पर्यंत बडोद्याचे दिवाण होते. त्यांच्या पुढाकाराने १९३२ मध्ये नवसारी प्रांतात कोसंबा येथे ग्रामपुनर्रचना केंद्र निघाले. आसपासच्या खेड्यांचा एक गट घ्यावयाचा. पीक, गुरे, जोडधंदे, आरोग्य, शिक्षण यांचा निरनिराळा विचार न करता कुटुंबाचा एकत्र विचार करावयाचा. आणि सुधारणेची इच्छा गावातच जागी करावयाची, असे त्याचे धोरण होते. खत उलथण्याचा प्रश्न चुलीशी जोडलेला आहे हे ओळखणारी दृष्टी ती हीच. सक्तीचे प्राथमिक शिक्षण आणि गावोगावची वाचनालये यांनी बडोद्याची भूमी अगोदरच नांगरलेली होती, हेही येथे ध्यानात ठेवावे.

एका संस्थानातील या अनुभवाचे पडसाद पुढे सर्व देशात उमटले. फाळणीनंतर देशाला अन्नाची टंचाई भासत होती, आणि ‘अधिक धान्य पिकवा’ ही मोहीम अपेक्षेइतकी फळास येत नव्हती. तिची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष हेच कृष्णम्माचारी होते. १९५२ च्या अहवालात समितीने सांगितले की, ग्रामजीवनाची सर्व अंगे परस्परांत गुंतलेली आहेत; म्हणून गावापर्यंत पोहोचणारी एकच विस्तारसेवा हवी, आणि तिला गावातील बिनसरकारी पुढाऱ्यांची जोड हवी. तत्पूर्वी १९४८ मध्ये उत्तर प्रदेशातील इटावा जिल्ह्यात आल्बर्ट मेयर यांच्या मार्गदर्शनाने याच धर्तीचा प्रयोग सुरू झालेला होता. या सर्व विचारांतून २ ऑक्टोबर १९५२ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी, ५५ क्षेत्रांत सामूहिक विकास योजना सुरू झाली, आणि बरोबर एक वर्षाने राष्ट्रीय विस्तार सेवा आली. सुमारे १०० गावांचा एक विकासगट, आणि सुमारे १० गावांस एक ग्रामसेवक, असे तिचे प्रमाण ठरले.

त्या दिवसांतील उत्साहाची साक्ष म्हणजे जपानी भातशेतीची मोहीम. बोरिवलीच्या कोरा ग्रामोद्योग केंद्रात या पद्धतीचे प्रयोग झाले, आणि १९५३ पासून तिचा प्रसार देशभर करण्यात आला. उंच वाफ्यावर थोड्या बियाण्याची रोपे करावीत, ती ओळीने लावावीत, ओळींमधून कोळपणी करावी आणि भरपूर खत द्यावे, हे तिचे सार होय. कोकणपट्टीतील ज्या शेतकऱ्यांनी ती उचलली त्यांनी बहुधा ती शेजाऱ्याच्या वाफ्यात पाहून उचलली. दोरी लावून केलेली सरळ लावणी रस्त्यावरून जाणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. तिला व्याख्यानाची गरज नाही.

परंतु दहा गावांचा एक ग्रामसेवक किती पुरा पडणार? त्याने बियाणे वाटावे, गुरांना लस टोचवावी, विहिरी स्वच्छ करवाव्यात, प्रौढांचे वर्ग भरवावेत, आणि शिवाय रात्री बसून या सर्वांचे तक्ते भरावेत. वरिष्ठ अधिकारी पीक पाहण्याआधी तक्ता पाहत. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने स्पष्ट सांगितले की, लोकांचा पुढाकार जागृत करण्यात ही योजना कमी पडली आहे. पंचायत राज्याची कल्पना याच अहवालातून पुढे आली. त्याच वर्षापासून ग्रामसाहाय्यकांची शिबिरेही भरू लागली. गावातील निवडक शेतकऱ्यांना थोडक्या दिवसांचे शिक्षण द्यावे आणि त्यांनी आपापल्या गावी ग्रामसेवकास विनावेतन हातभार लावावा, हा त्या शिबिरांचा हेतू. म्हणजे पगारी सल्लागार नेमून पाच वर्षे झाली नाहीत तोच सरकारला गावच्या जाणत्याकडे परतावे लागले.

अशी परतपावली पुढे आणखी दोनदा पडली. त्यांपैकी पहिली ग्वाल्हेरच्या शेजारी, चंबळच्या लाभक्षेत्रात. १९७४ मध्ये राजस्थान व मध्य प्रदेश यांच्या या क्षेत्रात जागतिक बँकेच्या साहाय्याने ‘प्रशिक्षण व भेट’ पद्धत अवलंबण्यात आली. इस्रायलचे तज्ज्ञ डॅनियल बेनॉर हे तिचे प्रवर्तक. ग्रामसेवकाच्या डोक्यावरील इतर कामे काढून घ्यावीत. त्याला दर पंधरवड्यास शिक्षण द्यावे. त्याने ठरलेल्या वारी ठरलेल्या शेतावर गेलेच पाहिजे. आणि शंभरांतील सुमारे दहा शेतकरी ‘संपर्क शेतकरी’ म्हणून निवडून त्यांच्या द्वारा उरलेल्या नव्वदांपर्यंत माहिती पोहोचवावी, अशी तिची शिस्त होती. नियमितपणा हा तिचा मोठा गुण होय. सल्लागार अमुक वारी येणार हे शेतकऱ्यास आधीच ठाऊक असणे, ही लहान गोष्ट नव्हे. पण संपर्क शेतकरी निवडताना मोठ्या जमिनीचे, ओटीवर पाहुण्यास खुर्ची देऊ शकणारे लोकच पुष्कळदा निवडले गेले. त्यांचे ऐकून अल्पभूधारकाने काय करावे? त्याच्यापाशी ना तितके पाणी, ना तितके भांडवल. तो संपर्क शेतकरी गावातला होता खरा, पण सर्वांच्या बरोबरीचा नव्हता. १९९० नंतरच्या दशकात बाहेरचे साहाय्य आटले आणि ही पद्धत मावळली.

यानंतर २००३ मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी संघटनेने देशातील शेतकरी कुटुंबांना विचारले की, नव्या तंत्राची माहिती तुम्हांस कोणाकडून मिळते? मिळालेली उत्तरे प्रत्येक योजनाकाराने भिंतीवर लावून ठेवावीत अशी आहेत. शंभरांतील सुमारे साठ कुटुंबांना कोठूनच माहिती मिळत नव्हती. इतर प्रगतिशील शेतकऱ्यांकडून माहिती घेणारी कुटुंबे १६.७ टक्के, बी-बियाणे व औषधे विकणाऱ्या दुकानदाराकडून घेणारी १३.१ टक्के, आणि सरकारी विस्तार कर्मचाऱ्याकडून घेणारी केवळ ५.७ टक्के होती. अर्धशतकाच्या योजनांनंतरही शेजारचा शेतकरी हाच पहिला सल्लागार होता. दुसरे स्थान दुकानदाराने घेतले होते. दुकानदाराने सांगितलेले सारेच खोटे असते असे नव्हे. परंतु जो औषध विकतो तोच रोगाचे निदान करतो, हे गैरसोयीचे आहे. हैदराबाद येथे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय कृषिविस्तार व्यवस्थापन संस्थेने २००३ मध्ये या दुकानदारांसाठीच पदविका अभ्यासक्रम काढला. हा व्यवहारी शहाणपणा खरा. पण गावच्या जाणत्याची जागा रिकामी राहिली की तेथे कोण येऊन बसतो, हेही त्यातून कळते.

तिसरी परतपावली २०१० ची. ‘आत्मा’ या नावाने ओळखली जाणारी जिल्हा कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा १९९८ पासून सात राज्यांतील २८ जिल्ह्यांत अजमावून पाहण्यात आली, आणि पुढे ती देशभर गेली. २०१० मध्ये तिच्या नियमांत दर दोन गावांमागे एक ‘शेतकरी मित्र’ असावा असे ठरले. हा मित्र नोकर नव्हे. स्वतः शेती करणारा, आणि खाते व गाव यांच्यामधील दुवा. १९२२ चा संघाचा सभासद, १९५७ चा ग्रामसाहाय्यक, १९७४ चा संपर्क शेतकरी आणि २०१० चा शेतकरी मित्र, ही एकाच माणसाची चार नावे आहेत. प्रत्येक वेळी त्याला नव्याने शोधावे लागले, कारण मधल्या काळात त्याला विसरण्यात आले.

आता गोव्याकडे वळू. पोर्तुगीज येण्यापूर्वीपासून येथे गावकरी नांदत होती. १५२६ च्या फोरालमध्ये पोर्तुगिजांनी तिच्या चालीरीती लिहून काढल्या, म्हणजे ती त्याहून जुनी आहे हे उघड आहे. गावकर एकत्र बसून शेते वाटपास काढीत, देवळाचा आणि गावसेवकांचा वाटा बाजूला ठेवीत, आणि उरलेल्यातून जोण वाटून घेत. बहुतेक गावांत गावकर हेच देवळाचे महाजनही होते. या संस्थेचे सर्वांत मोठे कर्तृत्व म्हणजे खाजन शेती. खाडीचे खारे पाणी माती, दगड आणि पेंढा यांच्या बांधाने अडवावयाचे. मानशीची दारे ओहोटीला उघडून आतले पाणी जाऊ द्यावयाचे व भरतीला मिटून बाहेरचे रोखावयाचे. पावसाने मातीतील खार धुऊन काढला की कोरगुटासारखे खार सोसणारे भात पेरावयाचे. अशी सुमारे १८ हजार हेक्टर भूमी गोव्यात खाडीकडून मिळविलेली आहे. बांध कोठे झिरपतो, खेकड्याने कोठे बीळ केले, दुरुस्ती केव्हा काढावी, हे ज्ञान कोणा एकाचे नव्हते. बांध फुटला तर हिंदू गावकराचे शेत आणि ख्रिस्ती गावकराचे शेत एकाच भरतीने बुडते. म्हणून सल्ला देणारा आणि घेणारा यांचे हित एकच असे. सल्लागाराच्या शब्दाला याहून मोठे तारण कोणते?

१९६१ च्या मुक्तीनंतर गोव्यात विकासगट आले, ग्रामसेवक आले. १९६४ च्या कूळ कायद्याने आणि त्याच्या १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याचा जमिनीवरील हक्क प्रस्थापित झाला. पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्यास न्याय मिळाला, आणि तो मिळावयासच हवा होता. परंतु बांधांची देखभाल कोमुनिदादीकडून कुळांच्या टेनंट असोसिएशनांकडे गेली, तेव्हा तिच्याबरोबर देखभालीचे ज्ञान जाईल याची तरतूद कोणी केली नाही. जेथे असोसिएशन जागृत राहिली तेथे शेते राहिली. जेथे तिला मानशीच्या मासळीचा लिलाव तेवढा दिसला तेथे खारे पाणी आत आले. त्याच काळात विस्तार खाते जया, ज्योती ही जादा उत्पन्नाची भाते देत होते. गोड्या जमिनीत त्यांनी कोठारे भरली, यात संशय नाही. पण खाऱ्या जमिनीसाठी जेव्हा जुने गोवे येथील केंद्रीय संशोधन संस्थेला नवे वाण हवे झाले, तेव्हा तिला कोरगुटाकडेच यावे लागले. गोवा धान १ आणि गोवा धान २ हे वाण कोरगुटातून निवडून काढलेले आहेत. ते बियाणे कोणी जपले होते? कोणाही खात्याने सांगितले नसता जे शेतकरी दरसाल मूठभर कोरगूट पुढच्या वर्षासाठी राखीत आले, त्यांनी. त्यांना कोणी सल्लागार म्हटले नाही. पण शास्त्रज्ञांस सल्ला मिळाला तो त्यांच्या कणगीतून.

या शंभर वर्षांतून आम्ही एवढाच बोध घेतो. शास्त्राची गरज आहे, खात्याची आणि पगारी सेवकाचीही आहे. केवळ जुन्या जाणत्यांच्या भरवशावर वाढत्या लोकसंख्येचे पोट भरले नसते. परंतु शास्त्र शेतात उतरते ते अखेर अशा माणसाच्या हातून, ज्याचे शेत त्याच पावसात भिजते आणि त्याच भरतीत बुडते. तो माणूस वरून नेमून मिळत नाही. गावाने त्याला ओळखावे लागते, आणि ओळखून पुढे करावे लागते.

गोव्यात चवथीच्या दुसऱ्या दिवशी नव्याची पंचम येते. शेतातील नवी कणसे आणून देवापुढे ठेवली जातात. आमचे ख्रिस्ती बांधवही कणसांचे फेस्त करून नवे धान्य वेदीवर नेतात. ती कणसे आपल्याच गावच्या शेतातील असावीत, असा मूळ भाव आहे. खाजनात खारे पाणी उभे राहिले तर ती शेजारच्या गावातून मागून आणावी लागतील, पुढे कदाचित बाजारातून. देवळाच्या चौकात महाजन मंडळी वर्षातून काही वेळा एकत्र बसते. उत्सवाचा, पालखीचा, दुरुस्तीचा विचार तेथे होतो. त्याच बैठकीत आणखी एक गोष्ट विचारता येईल. आपल्या गावात बांध जाणणारा कोण आहे, जुने बियाणे कोणाच्या घरी आहे, आणि त्याच्यापाशी बसून शिकणारा तरुण कोणता? ही तीन नावे ज्या गावाला सांगता येतील, त्या गावाचा शेतकरी मित्र कोणत्याही योजनेच्या आधीपासून तेथे आहे असे समजावे.